पूल सांगतात, ऐकणारे कोठे आहेत?

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसालगतचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि घराकडे निघालेली माणसे प्राणास मुकली. हा पूल धोकादायक होता काय? कागदावर तर नव्हता. आधी झालेल्या तपासणीत किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरास योग्य ठरविण्यात आला होता. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला; त्याच वर्षीच्या मे महिन्यातील पाहणीत तोही वाहतुकीस योग्य ठरला होता. दोष केवळ पाहणाऱ्या डोळ्यांचा नाही; केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या पद्धतीचा आहे.

डोळ्यांना जे दिसत नाही, ते केसाएवढ्या काचतंतूला कळते. या प्रकाशतंतूच्या गाभ्यात अतिनील किरणांनी ठरावीक अंतरावर सूक्ष्म बदल कोरतात. त्यालाच ‘ब्रॅग ग्रेटिंग’ म्हणतात. तंतूत सोडलेल्या प्रकाशापैकी एकच तरंगलांबी तेथून परत फिरते. तंतू ताणला वा तापला की ती बदलते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात लांबी दशलक्षांश भागाने वाढली, तरी सुमारे १.२ पिकोमीटरचा फरक नोंदविला जातो. तापमानाचा परिणाम वेगळा मोजून वजा केला की उरतो तो पुलाचा खरा ताण. एकाच तंतूवर असे अनेक संवेदक बसतात. त्यांना जागेवर वीज लागत नाही, गंज चढत नाही आणि शेजारच्या विद्युत तारांचा उपद्रव होत नाही.

हे काही कालपरवाचे नवल नव्हे. कॅनडात केनेथ हिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली हा परिणाम प्रथम दाखविला. त्याच देशातील कॅलगरी येथे १९९३ साली एका महामार्ग पुलात हे संवेदक प्रत्यक्ष बसविले गेले. हाँगकाँगच्या त्सिंग मा या झुलत्या पुलावर असे ४० संवेदक लावून मोजमाप झाले. आणि आपण? ज्या प्रकाशतंतुशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचे नाव आदराने घेतले जाते, ते शास्त्र आपल्याला परके नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या संवेदकांवर संशोधन झालेले आहे. विद्या घरात आहे. दारिद्र्य आहे ते इच्छाशक्तीचे!

खर्चाची सबब पुढे केली जाईल. तंतू स्वस्त असला तरी त्याचे संकेत वाचणारे यंत्र महाग असते, हे खरे. पण कोसळलेल्या पुलाची, बंद पडलेल्या महामार्गाची आणि उद्ध्वस्त कुटुंबांची किंमत कोणत्या वहीत मांडायची? संवेदक पूर अडवू शकत नाही, हेही मान्य. परंतु खांब कलू लागल्याची सूचना वेळेवर मिळाली, तर वाहतूक निश्चितच थांबविता येते.

मात्र नुसते तंतू चिकटवून फीत कापल्याने काही साधणार नाही. प्रत्येक मोठ्या व जुन्या पुलावर हे संवेदक सक्तीचे करावेत, त्यांच्या नोंदी जनतेसाठी खुल्या असाव्यात आणि धोक्याची मर्यादा ओलांडताच पूल बंद करण्याचे दायित्व एका निश्चित अधिकाऱ्यावर असावे. पूल कोसळण्यापूर्वी आपली व्यथा सांगत असतो. ती ऐकण्याचे साधन हाताशी असताना कान बंद ठेवणे, याला अपघात म्हणत नाहीत, अपराध म्हणतात.