शिकारी थैलीचा वास

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतील शिकारी थैल्या मात्र उरल्या. चामडी पट्ट्यांची अशीच एक कॅनव्हासची थैली मुलाने जुन्या बाजारातून आणली. सासूबाईंनी ती ओसरीच्या आत येऊ दिली नाही. मी अत्तर शिंपडले, तो तिसराच असह्य वास झाला!

मूळ वास दोन : बुरशीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. या गोळ्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, हवेत उडून जातात. तेव्हा त्यांच्या वासाला धुण्यापेक्षा ऊन-वारा बरा. नाकाला फडके बांधून बुरशी अंगणातच झाडली. थैली उलटी करून चार दिवस उन्हात टांगली, रात्री आत खाण्याचा सोडा पसरून सकाळी झटकला. कुजलेले अस्तर उसवून टाकावेच लागले. वासाचे खरे घर तेच होते. चामड्याला मात्र ऊन देऊ नये, ते तडकते. पट्ट्या निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून सावलीत वाळवल्या (आधी कोपऱ्यात रंग जातो का ते पाहावे) आणि एरंडेलाचा पुसट हात फिरवला.

आठव्या दिवशी सासूबाईंनीच थैली ओसरीतल्या खुंटीला अडकवली. पावसाळी हवेत किंचित वास अजून येतो.