पोटखराब्यातील पुण्य

वृक्षतोडीच्या प्रकरणांचा हिशेब 2021 सालापासून मोठा सुटसुटीत झाला आहे. शहरी भागातील वृक्षांच्या संरक्षणाचा जो 1975 चा कायदा आपल्या राज्यात आहे, त्यात त्या वर्षी दुरुस्ती होऊन असे ठरले, की जे झाड तोडावयाचे त्याचे वय जितक्या वर्षांचे, तितकी रोपे अर्जदाराने लावावीत. आणि वयाची 50 वर्षे ओलांडलेल्या झाडास वारसावृक्ष म्हणून विशेष मान द्यावा. हेतू स्तुत्य आहे, आणि वडापिंपळाच्या वयाची बूज सरकारदरबारी राखली जावी, ही गोष्ट तर सुखावणारीच म्हटली पाहिजे. परंतु ह्या त्रैराशिकात एक पद गाळले गेले आहे, आणि ते म्हणजे जागा. 60 वर्षांच्या चिंचेपायी 60 रोपे लावण्याचे अर्जदार आनंदाने कबूल करतो. ती लावावयाची कोठे, असा प्रश्न निघाला म्हणजे मात्र सर्वांची दृष्टी गावाबाहेरच्या त्या सखल भूमीकडे वळते, जिच्यावर पावसाळ्यात पाणी पसरते आणि जिची वासलात तलाठ्याच्या दप्तरात पुष्कळदा ‘पोटखराब’ ह्या एकाच शब्दात लागलेली असते.

ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती खराब, हा जमाबंदीचा विचार त्या काळी, त्या कामापुरता, योग्यच होता. दोष इतकाच, की साऱ्याचे महत्त्व गेले तरी शब्द मागे राहिला, आणि आपण त्या शब्दाच्या डोळ्यांनी जमीन पाहू लागलो. नदीचा पूर अंगावर घेऊन तो सावकाश सोडणारी, गाळ अडवणारी, भोवतालच्या विहिरींना पाझर पुरवणारी, माशांच्या पिलांना आसरा देणारी भूमी आपल्याला रिकामी दिसते. इमारत बांधणारा तिच्यात राडारोड्याचा भराव घालून तिला ‘सुधारतो’, आणि वृक्षप्रेमी मंडळी तिच्यात खड्डे खणून सुबाभूळ व गुलमोहर लावतात. पहिल्यास आपण लोभी म्हणतो आणि दुसऱ्यांचा सत्कार करतो, पण चिखल्या आणि तुतवार ह्या पक्ष्यांना विचारले तर त्यांना दोघांत फारसा भेद आढळणार नाही. ह्या पक्ष्यांना चारी दिशांनी उघडा चिखल लागतो, म्हणजे शत्रू दुरून दिसतो आणि चोच टेकावयास मोकळी जागा राहते. खाडीतील अशा उघड्या चिखलावर तिवरांची लागवड करणे हेदेखील, तिवर कितीही उपकारक असले तरी, त्यांच्या ताटात माती कालवण्यासारखेच आहे. पाणथळ भूमीचा प्राण पाण्याच्या येण्याजाण्यात असतो. नवी मुंबईत नेरूळजवळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट कोंडली गेली, आणि 2024 च्या उन्हाळ्यात तेथे रोहित पक्षी मरून पडले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या तलावाच्या काठी कितीही रोपे लावली असती तरी ते पक्षी वाचले नसते.

ह्या घोटाळ्याचे मूळ दप्तरांच्या वाटणीत आहे. झाडाचा अर्ज वृक्ष प्राधिकरणापुढे येतो, पाणथळाचा विचार 2017 च्या केंद्रीय नियमांखाली राज्याचे दुसरे प्राधिकरण करते, आणि इमारतीचा नकाशा नगररचना विभागाच्या टेबलावर असतो. त्या 2017 च्या नियमांनी भातखाचरे आणि मिठागरे मुळातच व्याख्येबाहेर काढून ठेवली आहेत. खारफुटीच्या भोवती 50 मीटर जागा मोकळी राखण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली दिला, तेव्हा खाजणांना काही आधार मिळाला. देशावरच्या गावतळ्यांना तेवढाही नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ह्या कामाची निराळी तजवीज आहे, आणि ती आपल्याकडे फारशी ठाऊक नाही म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो. 1957 च्या कायद्याने तेथील गावांना स्वतःचे निसर्गसंरक्षण मंडळ नेमण्याचा अधिकार मिळाला. तीन ते सात सभासद, तेही गावातलेच आणि बहुधा बिनपगारी. राज्यातल्या सर्व 351 गावांत व शहरांत आज असे मंडळ आहे. पाणथळाच्या कडेपासून 100 फुटांच्या आत कोणास घर वाढवावयाचे असो, भराव घालावयाचा असो की झाडे तोडावयाची असोत, अर्ज ह्या एकाच मंडळापुढे येतो, 21 दिवसांत जाहीर सुनावणी होते, आणि मंडळाने घातलेल्या अटी जमिनीच्या दस्तऐवजांत नोंदल्याखेरीज कामास हात लावता येत नाही. मंडळाचा फैसला न रुचल्यास गावातील कोणत्याही दहा रहिवाशांना राज्याच्या खात्याकडे दाद मागता येते. पाणथळाचा लहानसा तुकडा बुजविण्यास परवानगी मिळालीच, तर निदान तेवढाच नवा तुकडा तयार करून द्यावा लागतो, आणि दोन हंगामांत त्याच्या तीन चतुर्थांश पृष्ठभागावर तेथल्याच मूळच्या पाणवनस्पती रुजलेल्या दिसाव्या लागतात. तेथे रोपे मोजीत नाहीत. रुजली काय, हे पाहतात.

ही मंडळे म्हणजे ऋषींचे आश्रम नव्हेत. शेजारी नवे बिऱ्हाड नको असलेले सुखवस्तू लोक बेडकांची ढाल पुढे करून घरबांधणी अडवितात, अशी तक्रार तेथे ऐकू येते, आणि ती अगदीच निराधार नसावी. आपल्याकडे घरांची निकड त्याहून किती तरी मोठी आहे. तरीही अडवणुकीचा दोष उघड्या सुनावणीत निदान चव्हाट्यावर येतो. सात दिवसांच्या मुदतीची, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली, हरकतींची जी नोटीस आपण काढतो तिच्यात दोषही दिसत नाही आणि गुणही.

म्हणून वृक्ष प्राधिकरणांच्या नव्या-जुन्या सभासदांपुढे माझे मागणे थोडके आहे. पाणथळापासून हाकेच्या अंतरावरील प्रत्येक प्रकरणात झाड, पाणी आणि इमारत ह्यांचा विचार एका बैठकीत, एका कागदावर व्हावा. जी अट घालावयाची ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढवावी, म्हणजे जमीन विकली तरी ती पुसली जाणार नाही. पाणथळात एकही रोप भरपाईच्या हिशेबात धरू नये. आणि स्थळपाहणी मे महिन्यात, तळे भेगाळून मैदानासारखे दिसत असताना उरकू नये. ती श्रावणात करावी, आणि खाडीकाठी असेल तर उधाणाच्या दिवशी. साहेबांचे बूट भिजतील, पण पाण्याची हद्द कोठवर आहे हे त्या दिवशी तलाठ्यास विचारावे लागणार नाही.