तोंड मिटतं, मग शब्द येतो!

शनिवारची रात्र म्हणजे आमच्याकडे पिक्चर नाइट. मी, आई, लॅपटॉप आणि डबाभर चिवडा. पिक्चर बहुतेक वेळा ठरलेला, 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा सिनेमा, आईला अख्खा पाठ. मी काही नवं काढलं की तिचं एकच, "नको रे, जुनंच लाव." मला वाटायचं, असते एकेकाची आवड!

आईला हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून बोनस हातात पडल्या पडल्या मी ब्लूटूथ स्पीकर आणला. दणदणीत आवाज! तिच्या खुर्चीशेजारीच ठेवला. आपण किती गुणी बाळ, म्हणून स्वतःवरच खूश.

परवा हट्टाने नवा सिनेमा लावला. वीस मिनिटांत आई उठून भांडी आवरायला लागली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अरे, आवाज मोठा आहे, पण माणसाचं तोंड मिटतं आणि मग शब्द येतो. मी ओठ बघून समजून घेते ना. जुन्या पिक्चरचं काय, पाठच आहे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू एवढ्या हौसेने आणलास..."

झालं! मी गप्प. मग बसलो दुरुस्तीला.

तुमच्याकडेही असा घोळ असेल तर आधी सिनेमा सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन ठिकाणी बघा. फरक वाढत जातो की तेवढाच राहतो? वाढत असेल तर बहुधा फाइलमध्येच गडबड आहे. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा २५च्या वेगाने पळवला आणि आवाज मूळ वेगातच ठेवला, तर तासाभरात दोन मिनिटांहून जास्त फरक पडतो. अशा वेळी दुसरी फाइल शोधलेली बरी. चित्र अडखळत असेल तर कॉम्प्युटर दमलाय. ब्राउझरचे ते पंचवीस टॅब आधी बंद करा.

फरक तेवढाच राहत असेल तर बाहेरचा स्पीकर काढून लॅपटॉपच्याच आवाजावर बघा. आमच्याकडे तिथे ओठ आणि शब्द अगदी जोडीने! म्हणजे फाइल निर्दोष, गुन्हेगार माझं गिफ्ट. ब्लूटूथवर आवाज आधी आवळून पाठवला जातो, मग स्पीकर तो उलगडून वाजवतो. त्यात सेकंदाचा एक-दोन दशांश भाग सहज जातो.

एवढ्याने काय होतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला जाणवतो. पुढे गेला तर ४५ मध्येच. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय असते. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर. पण ओठांवर भिस्त असलेल्या आईला ही सूट कुठली परवडायला!

उपाय दोन. विंडोजवर व्हीएलसी प्लेअर असेल तर 'जे' दाबा, आवाजाचा विलंब ५० मिलिसेकंदांनी कमी होतो. 'के' दाबलं की तेवढाच वाढतो. आकडा स्क्रीनवर दिसतो. मी 'जे' दाबत गेलो आणि आई ओठांकडे बघत, "अजून... अजून... बस!" चौथ्या दाबाला जमलं. दुसरा उपाय त्याहून सोपा, साधी ऑक्स वायर. ऑनलाइन सिनेमा ब्राउझरमध्ये बघताना ही 'जे-के'ची सोय नसते, तिथे वायरच कामाला येते. आमच्या स्पीकरला मागे तिचं भोक होतंच. मी कधी वळून बघितलं नव्हतं, एवढंच.

त्या रात्री आईने नवा सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मग चिवड्याचा डबा बंद करत म्हणाली, "हीरो अगदीच ठोंब्या आहे रे. पुढच्या शनिवारी दुसरा लाव."