टीओडी मीटरची सवलत दिवसाची, गावातली वीज जळते रात्री

नागपुरात विरोध पेटल्यावर जून 2024 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्यांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. आता महावितरण लावतंय तो टीओडी मीटर. रिचार्जची भानगड नाही, बिल वापरानंतरच. जुना मीटर महिन्याचा एकच आकडा सांगायचा; हा दर अर्ध्या तासाचा वापर मोबाईलवर दाखवतो.

1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत लागू झाली. पण त्या वेळी घरचे सगळे वावरात! पाण्याची मोटर, इस्त्री दिवसा उरकता येईल. मे महिन्यातला रात्रीचा कूलर कसा हलवणार? म्हणजे मोठा फायदा दिवसा घरी असणाऱ्यालाच.

तरी नोंद कामाची आहे. घराला कुलूप असतानाही युनिट पडत असतील तर फ्रिज, वायरिंग तपासा. मीटरच पळतोय वाटलं तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या 2024 च्या नियमानुसार 5 दिवसांत तपासणी मीटर लावावा लागतो आणि तो किमान 3 महिने ठेवावा लागतो. तक्रारीची पोच मात्र मागून घ्या.