काढा घ्या, पण आधी तपासून घ्या

पन्नाशी उलटली की बऱ्याच घरांत एक तक्रार सुरू होते, पण ती कुणी बोलून दाखवत नाही. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. लघवीला उभं राहिलं तरी धार लवकर लागत नाही. लागली तर बारीक, थांबत थांबत. झाली म्हणून बाहेर यावं, तर पायजम्यावर थेंब पडतात.

बहुतेक वेळा याचं कारण प्रोस्टेट असतं. मूत्राशयाच्या खाली ही ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वयाबरोबर ती वाढते आणि नळी दाबली जाते. ही वाढ म्हणजे कर्करोग नाही. तिचा पुढे कर्करोगही होत नाही. केस पिकतात तशीच ही वयाची गोष्ट आहे, लाजू नका.

मग कुणी सराट्याचा काढा सुचवतं, कुणी भोपळ्याच्या बिया. मोबाइलवर ‘ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ येतो. काढा घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. क्रम तेवढा पाळा. आधी तपासणी, मग उपाय.

कारण हीच लक्षणं मधुमेहात दिसतात, जंतुसंसर्गात दिसतात, खड्यामुळे होतात आणि कधी कधी कर्करोगातही असतात. घरी बसून यातलं काय आहे ते कळत नाही. डॉक्टर लघवी आणि रक्त तपासतील, साखर बघतील, सोनोग्राफी सांगतील. पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी हवी का, हेही त्यांनाच विचारा.

सोनोग्राफी आधी भरल्या मूत्राशयाची होते. मग तुम्हाला लघवी करून यायला सांगतात आणि पुन्हा बघतात. तुम्हाला वाटतं, सगळी झाली. पडद्यावर मात्र वाटीभर शिल्लक दिसू शकते. ती रोज साचत राहिली की जंतू वाढतात, खडे होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. हे पुष्कळदा न दुखता होतं. काढ्याने जरा बरं वाटलं म्हणून दोन वर्षं गेली, तर नुकसान त्या दोन वर्षांत होतं.

त्रास थोडा असेल तर डॉक्टरही पुष्कळदा म्हणतात, सध्या औषध नको, लक्ष ठेवू. तेव्हा पुढच्या सवयी लावा. खरा घरगुती उपाय हाच.

पाणी दिवसा प्या. झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करा. पण एसटीत बसायचंय म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणं चुकीचं. त्याने लघवी जळजळते आणि पोटही साफ होत नाही.

संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. दारूही नको. दोन्हींनी लघवीची घाई वाढते.

लघवी सावकाश करा. बसून केलीत तरी चालेल. कुंथू नका. झाली की अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. मग अंडकोशाच्या मागच्या बाजूने बोटांनी हलकेच दाबत पुढे या. नळीत अडकलेले थेंब तिथेच पडतात, कपड्यांवर नाही.

पोट साफ ठेवा. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो. पालेभाजी, भाकरी, फळं खा आणि रोज चाला.

सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. काही गोळ्यांनी लघवी एकदम तुंबते. घ्यावीच लागली, तर आपल्याला प्रोस्टेटचा त्रास आहे हे दुकानदाराला आधी सांगा.

रात्री मोरीतला दिवा चालू ठेवा, फरशी कोरडी ठेवा. या वयात पडून खुबा मोडला, तर तो मूळ दुखण्यापेक्षा महागात पडतो.

आता वनस्पतींबद्दल. परदेशात सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या फार खपतात. अमेरिकेत २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर त्यांची चाचणी झाली. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त गुण आला नाही. २०११ मध्ये डोस तिप्पट करून पाहिला, तरी तेच. म्हणून हजारो रुपये घालण्याआधी विचार करा.

भोपळ्याच्या बिया भाजून मूठभर खा, खाणं म्हणून त्या चांगल्याच आहेत. सराटा, वायवर्णा, पुनर्नवा घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याकडून घ्या. लेबल नसलेली पुडी नको. आणि ‘खात्रीशीर बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. प्रोस्टेटचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर काढ्यासाठी ती मनाने बंद करू नका. काही गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते, म्हणून अंथरुणावरून सावकाश उठा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर प्रोस्टेटची गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यांना ऑपरेशनची तयारी त्याप्रमाणे करावी लागते.

लघवी पूर्ण तुंबली, तिच्यात रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर काढा उकळत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

बायकांनो आणि मुलांनो, घरातला माणूस रात्री सारखा उठत असेल तर तुम्हीच विषय काढा. तो आपणहून बोलणार नाही. दवाखान्यात जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहायला सांगा, किती वाजता उठला, काय प्यायला, लघवी किती झाली. मोजायला जुना मापाचा मग वेगळा ठेवा. जाताना वही घ्या आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घाला. काढ्याची बाटलीही त्यातच ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून ती घरी ठेवू नका.