डोके तुमचे, दुकान त्यांचे!

फराळाच्या ताटापुढे मेंदूच्या रोगाचा विषय काढणे कुणाला अप्रशस्त वाटेल. पण घरची चार माणसे एकत्र जमतात ती याच दिवसांत. आणि 'जरा प्रकृती बरी नाही' या सबबीखाली आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसाची आठवण व्हायची तीही याच दिवसांत.

त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या असे कुणी सुचवले, की वडीलधारी मंडळी एकच शब्द उच्चारतात—'शॉक!' झाले! सारे दरवाजे बंद! वास्तविक १९३८ साली रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेली ती चिकित्साही आता पूर्वीची राहिलेली नाही. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याविना ती करण्यास आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

आणि दुसरी एक रीत तर भूलही मागत नाही. बदलत्या चुंबकक्षेत्रातून वीज उत्पन्न होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवले. त्याच नियमाच्या आधारे १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी माणसाच्या डोक्यावर तारेचे वेटोळे धरले, त्यातून विजेचा क्षणिक झोत सोडला, आणि त्या माणसाचा हात हलला! कवटीला टाचणीही न लावता मेंदू जागवता येतो, हे सिद्ध झाले. औषधाने गुण न आलेल्या औदासीन्याच्या रोग्यांसाठी या उपायाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. रोगी खुर्चीत जागा बसतो. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे.

हा रामबाण आहे काय? मुळीच नाही. सर्वांना गुण येत नाही. क्वचित फिट येते. डोक्यात धातूचा तुकडा असलेल्याला तो वर्ज्य. म्हणूनच तेथे तज्ज्ञ हवा.

पण आमची तऱ्हा पाहा! दवाखान्यातल्या विजेला जो भितो, तोच जाहिरातीतल्या विजेला भुलतो. कपाळाला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडणाऱ्या पट्ट्या 'बुद्धी तल्लख करा' म्हणून घरपोच विकल्या जातात. एक शक्ती वाढताना दुसरी घटू शकते आणि परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो, असा इशारा २०१६ साली शास्त्रज्ञांनी अनावृत पत्र लिहून दिला. पण पत्र कोण वाचतो? जाहिरात सगळे वाचतात! निरोगी मुलाच्या डोक्यावर प्रयोग करायला आम्ही तयार; खऱ्या रोग्याला मात्र अंगारा!

शास्त्राला भिऊ नका आणि शास्त्राचे सोंग घेणाऱ्याला भुलू नका. आतल्या खोलीतल्या त्या माणसासाठी यंदा एवढेच करा: भाऊबीज आटोपली, की त्याचा हात धरून त्याला तज्ज्ञाकडे न्या. उपाय कोणता, ते तज्ज्ञ ठरवील. न्यायचे की नाही, ते मात्र तुम्हीच ठरवायचे आहे.