एक किलोमीटरवरची गोळी आणि शेजारचा टॅबलेट: लांब पल्ल्याची नेमबाजी का वाढतेय?

इन्स्टावर असलं रील तुम्हालाही दिसलं असेल. एक माणूस गवतावर पालथा पडलाय, रायफलच्या पुढच्या बाजूला दोन पायांचा स्टँड, वर भलीमोठी दुर्बीण. गोळी सुटते. दीडेक सेकंद काहीच होत नाही. मग शेजारच्या टॅबलेटवर एक टिंब उमटतं आणि आकडा येतो: १०. टार्गेट कॅमेऱ्यात दिसतसुद्धा नाही, इतकं लांब.

हा प्रकार म्हणजे एफ-क्लास. जॉर्ज फार्क्वारसन या कॅनडाच्या नेमबाजाच्या आडनावातला हा ‘एफ’. वय झाल्यावर डोळे आणि कोपरं साथ देत नाहीत, मग रायफल टेकवून आणि दुर्बीण लावून का खेळू नये, अशी त्याची साधी कल्पना. आज एफ-क्लासच्या जागतिक स्पर्धा होतात आणि त्यात तरुणही उतरतात. सगळ्यात लांबचं नेहमीचं अंतर १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. चालत गेलात तर दहा-बारा मिनिटं लागतील. तिथलं सगळ्यात आतलं वर्तुळ साधारण ५ इंचांचं, तुमच्या हातातल्या फोनच्या उंचीपेक्षाही लहान.

मी सॉफ्टवेअरवाला, बंदूकवाला नाही. पण या खेळाचं तंत्र वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं: गेल्या काही वर्षांत याला जो वेग आलाय, त्यात नव्या रायफलींपेक्षा स्वस्त झालेल्या मोजमापाचा वाटा मोठा आहे.

चार माइक आणि थोडं गणित

पूर्वी काय व्हायचं? टार्गेटच्या खाली खड्डा, त्यात माणसं. गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचं, भोकात खुणेची चकती खोचायची, पुन्हा वर चढवायचं. निम्मे खेळाडू नेम धरणार, निम्मे खड्ड्यात राबणार. दहा जणांच्या क्लबला हे कसं परवडावं?

आता टार्गेटच्या कोपऱ्यांवर माइक असतात. गोळी आवाजापेक्षा वेगानं जात असेल तर तिच्यामागे दाबाची एक लाट पसरते. ती प्रत्येक माइकला किंचित वेगवेगळ्या वेळी पोचते, आणि त्या फरकावरून गोळी नेमकी कुठून गेली ते काढता येतं. तुमच्या फोनमधलं जीपीएस याच जातीचं गणित करतं, फक्त तिथं उपग्रहांचे सिग्नल असतात. आवाज एक मिलिमीटर जायला सुमारे ३ मायक्रोसेकंद घेतो. एवढा बारीक वेळ मोजणारी चिप आज कुठल्याही साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. निकाल वायरलेसनं टॅबलेटवर, खड्डा रिकामा. गंमत म्हणजे शेवटच्या टप्प्यात गोळी आवाजाच्या वेगाखाली आली, तर हेच माइक गोंधळतात. ऑलिम्पिकमधल्या ५० मीटरच्या .२२ गोळ्या बहुतेक आवाजापेक्षा हळूच जातात, त्यामुळे तिथं आता प्रकाशकिरणांनी टिपणारी टार्गेट वापरतात.

दुसरं मोजमाप खिशातल्या फोनमध्ये. एफ-क्लासमध्ये .३०८ ही गोळी बरीच चालते. १००० यार्ड जाईपर्यंत ती कित्येक मीटर खाली येते. किती, हे बॅलिस्टिक अ‍ॅप सांगतं: गोळीचा वेग, आकार, तापमान, हवेचा दाब भरा, उत्तर घ्या. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच वागतं, म्हणून हे उत्तर चांगलं येतं.

वारा मात्र अ‍ॅपचं ऐकत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा याच गोळीला १००० यार्डांवर दोन मीटरच्या आसपास बाजूला नेतो. वेदर अ‍ॅप सांगतं तो अख्ख्या परिसराचा अंदाज. इथं हवा असते ती वाटेतल्या प्रत्येक तुकड्याची, आणि ती सेकंदासेकंदाला बदलते. मग हे लोक काय बघतात? झेंडे, गवत आणि मृगजळ! एप्रिलमध्ये मांडवगण फराट्याहून शिरूरला जाताना डांबरावर जे पाणी हलल्यासारखं दिसतं, तेच. दुर्बिणीतून ते कुठल्या बाजूला आणि किती जोरात वाहतंय त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधायचा. भीमेकाठच्या उसाची पानं बघून वारा ओळखणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना हे पटकन जमेल असं वाटतं.

मग आपल्याकडे का नाही?

आता भारताकडे येऊ. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद घेतलं होतं.

‘फक्त ५० मीटर?’ असं म्हणण्याआधी कोन बघा. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. १००० यार्डांवरचं ५ इंच वर्तुळ त्याच प्रमाणात ५० मीटरवर आणलं तर ७ मिलिमीटरच्या जवळ येतं. फरक आहे, पण ५० मीटरवाला दुर्बीण न लावता खेळतो आणि त्याच्या ६० पैकी २० गोळ्या उभं राहून असतात. त्यामुळे ‘लांब म्हणजे अवघड’ हे रीलवाल्यांचं गणित मला अर्धवट वाटतं.

आपल्याकडे अंतर वाढलं की अवघड होतात कायदा आणि जमीन. १० मीटरची .१७७ एअर रायफल ठरलेल्या ताकदीच्या आत असेल तर परवाना लागत नाही, आणि एखादा लांब हॉल पुरतो. म्हणून अकॅडमी निघतात त्या १० मीटरच्या. ५० मीटरला .२२ आली की परवाना आला, आयात गोळ्या आल्या, बालेवाडीसारखी रेंज आली. १००० यार्डांना तर नुसतं एक किलोमीटर पुरत नाही. चुकलेली .३०८ गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, म्हणजे मागे उंच बांध आणि मोकळा धोक्याचा पट्टा हवा. शिरूर-दौंड पट्ट्यात दर दोन-चार शेतांमागे एक वस्ती आहे, कुठं काढणार असा पट्टा?

देशात अशा लांब रेंज आहेत त्या मुख्यतः लष्कर आणि निमलष्करी दलांकडे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फुलबोर म्हणजे मोठ्या गोळीची लांब पल्ल्याची नेमबाजी झाली, तीही गुरुग्रामजवळ कादरपूरला, सीआरपीएफच्या रेंजवर. पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमधून नेमबाजीच वगळली गेली. ऑलिम्पिकमधून ३०० मीटर रायफल तर १९७२ नंतर गेलेलीच आहे. पदक नाही, मग सरकारी नोकरीत खेळाडू म्हणून फायदा नाही, मग घरचे पैसे लावत नाहीत. या साखळीला टॅबलेट काही करू शकत नाही. दलांच्या रेंज ठरावीक दिवशी, देखरेखीखाली परवानाधारक खेळाडूंना उघडल्या तर काही होईल. इलेक्ट्रॉनिक टार्गेटमुळे खड्ड्यात माणसं बसवायचा प्रश्नही आता उरलेला नाही.

तोपर्यंत रील बघून हुरूप आलेल्या मांडवगणच्या पोरापोरींनी १० मीटरपासूनच सुरुवात करावी. श्वास, ट्रिगर, धीर, सगळं तिथंच तयार होतं. घरी गोळी न झाडता केलेला सराव फुकट असतो आणि मोठे खेळाडूही तो करतात. अकॅडमीत नाव घालण्याआधी एवढं विचारा: टार्गेट कागदी की इलेक्ट्रॉनिक, रायफल अकॅडमीची वापरायला मिळणार की स्वतःची घ्यावी लागणार, आणि पेलेट्सचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा.